तळघरातला षड्ज

आमच्या विद्यापीठाच्या लघुवृंदात आम्ही सोळा जण गातो. वाद्य एकही नाही. चार-चार जणांचे चार आवाज आणि समोर हात हलवणारी माझी आत्या, एवढाच कारभार. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. एकोणीस वर्षांपूर्वी तिने वृंद काढला तेव्हा मी शाळेत होते. पुढे मी याच विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने मला खालच्या आवाजाच्या बायकांमध्ये उभं केलं. "तुझा आवाज बेताचाच आहे," ती म्हणाली, "पण तू वेळेवर येतेस."

तालमीची खोली जुन्या ग्रंथालयाच्या तळघरात होती. छत इतकं बुटकं, की भूगर्भशास्त्राचे एक उंच प्राध्यापक आमच्यात होते ते मान वाकवूनच गायचे. त्यांचा आवाज जमिनीखालून आल्यासारखा यायचा, म्हणून सगळे त्यांना भूकंप म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडायचं. भिंतीच्या पलीकडे पंपघर होतं. तिथला पंप अख्ख्या विद्यापीठाला पाणी चढवायचा आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत 'घूंऽऽ' असा एकसारखा घुमत राहायचा.

आत्याचं आणि त्या पंपाचं हाडवैर होतं. दर सोमवारी ती कुलसचिवांकडे अर्ज टाकायची : 'सदर पंपाच्या घरघरीमुळे आमच्या कलेचा गळा घोटला जात आहे, तरी तो त्वरित बदलावा.' पंप चालवणारा एक ठेंगणा, खाकी कपड्यांतला माणूस होता. आम्ही त्याला पंपकाका म्हणायचो. तो दर मंगळवारी उलटा अर्ज टाकायचा : 'सदर गायनामुळे पंप हवा धरतो, तरी ते त्वरित बंद व्हावे.' दोन्ही अर्ज एकाच फायलीत, एकाच दोऱ्याने बांधले जात. ती फाइल इतकी फुगली, की तिथली कारकूनबाई वरच्या कपाटाला हात पुरेना की तिच्यावर उभी राहायची.

इतक्या वर्षांत ही दोघं एकमेकांशी शब्दाने बोलली नव्हती. जिन्यात समोरासमोर आली की आत्या भिंतीकडे बघायची आणि काका बुटांकडे.

वृंदाचं नाव मात्र झालं होतं. तळघराच्या बरोबर वर समारंभाचं सभागृह होतं. पदवीदान असो, पाहुणा असो, कोणाचा निरोप असो, आम्ही तिथेच गायचो. लोक डोळे मिटून ऐकायचे. "सूर कसा खांबासारखा उभा राहतो हो!" असं एक पाहुणा म्हणाला होता, ते वाक्य आत्याने चौकटीत लावलं होतं. बाहेर कुठे गेलो की मात्र काही ना काही बिघडायचं. एकदा निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात गाणं असं काही घसरलं, की शिक्षकांनी सवयीने आम्हाला पुन्हा म्हणायला लावलं. पण त्या दिवशी म्हणे सगळ्यांना सर्दी होती. दुसऱ्या वेळी बस हलत होती. तिसऱ्या वेळी हॉलचे पडदे वाईट होते. कारण सापडलं नाही असं कधीच झालं नाही.

मग एका सोमवारी अर्ज मंजूर झाला. जुना पंप उचलला, नवा आला. नवा पंप चालू आहे की बंद, हे बघायला त्याच्यावर हात ठेवावा लागायचा, इतका तो मुका.

त्या दिवशी आत्याने तालमीला बिस्किटं आणली. सगळ्यांना एकेक देऊन ती म्हणाली, "ऐका. काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही," आम्ही म्हणालो.

"हेच ऐकण्यासाठी मी एकोणीस वर्षं भांडले."

तिने ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटला, षड्ज दिला, म्हणजे ज्याच्यावर बाकीचे सगळे सूर उभे राहतात तो पहिला सूर, आणि हात उचलला. आम्ही सुरुवात केली. पहिली ओळ ठीक गेली. दुसऱ्या ओळीला वरच्या आवाजाच्या मुली किंचित वर निघाल्या. तिसऱ्या ओळीला आम्ही खालच्या बायका त्यांची वाट न बघता वेगळ्याच दिशेने गेलो. चौथ्या ओळीपर्यंत चार आवाज चार गावांना पोचले होते. आत्याचा हात हवेत तसाच राहिला.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा गायलो, तर पाच गावं झाली.

आंतरविद्यापीठ स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. आम्ही पाठवलेल्या ध्वनिमुद्रणावरून आमची निवड झाली होती, तीही एकमताने. आत्याने सगळ्यांना गुळण्या करायला लावल्या. रात्री आठनंतर बोलायची बंदी घातली. खुर्च्यांचं तोंड बदललं. शेवटी घशाचे डॉक्टर बोलावले. त्यांनी सोळा तोंडांत बॅटरी घालून पाहिलं आणि म्हणाले, "इतके निरोगी घसे मी एका रांगेत कधी पाहिले नव्हते." मग आम्ही त्यांना दोन ओळी म्हणून दाखवल्या. डॉक्टरांनी बॅटरी खिशात ठेवली आणि हळूच म्हणाले, "कानाचे डॉक्टर आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर बसतात."

उलगडा केला तो भूकंपांनी. ते जमिनीची कंपनं मोजणारे गृहस्थ. एका तालमीला ते जुनी ध्वनिमुद्रणं घेऊन आले.

"गाणं ऐकू नका," ते म्हणाले. "गाणं सुरू होण्याआधीचे चार सेकंद ऐका."

आम्ही कान दिले. घूंऽऽ. आणि त्या घूंऽऽमधूनच, दाराआडून माणूस बाहेर यावा तसा, आमचा पहिला सूर बाहेर आला.

"सभागृहातलं ऐका आता. पंपाचा मुख्य नळ तिथल्या मंचाखालून जात होता." तिथेही घूंऽऽ. "आणि हे शिक्षकांच्या मेळाव्यातलं." तिथे नुसती शांतता, आणि नंतर जे काही होतं ते.

"म्हणजे आपण इतकी वर्षं..." मी म्हणाले.

"पंपावर उभे होतो," भूकंप म्हणाले.

आत्या म्हणाली, "परत लावा." त्यांनी परत लावलं. तिने ते सात वेळा ऐकलं, मग पर्स उचलली आणि घरी निघून गेली. ट्यूनिंग फोर्क खुर्चीवरच राहिला.

आत्या आमच्याच घरी वरच्या मजल्यावर राहते. त्या संध्याकाळी ती जेवायला खाली आली, पण ताटात नुसती बोटं फिरवत बसली.

"ताई, झालं काय?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. बाबा घड्याळं दुरुस्त करतात, बोलतात कमी. त्यांनी घास संपवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मला पहिल्यापासून वाटायचं, तुमच्यात तो पलीकडचा फार छान गातो."

आत्या ताडकन उठून वर गेली. पण सकाळी मला म्हणाली, "चल. कुलसचिवांकडे जायचंय."

कुलसचिव हे नियमाच्या बाहेर शिंकतही नसत. आत्याने नवा अर्ज पुढे केला : जुना पंप त्वरित परत बसवावा. त्यांनी तो दोनदा वाचला.

"मॅडम, हा पंप काढावा म्हणून तुमचे नऊशे अठ्ठ्याऐंशी अर्ज आहेत."

"माझं चुकलं."

"नऊशे अठ्ठ्याऐंशी वेळा?"

"सलग," आत्या म्हणाली.

कुलसचिवांनी चष्मा काढून पुसला. पंप आता कर्मशाळेमागे भंगारात पडला होता आणि त्याला पाणीपुरवठ्यात परत घेता येत नव्हतं. पण वृंदाला तो 'तालमीचे साहित्य' म्हणून देता येईल, असा एक नियम त्यांनी शोधून काढला. "पण तो चालवणार कोण? अभियंत्यांनी तो भंगारात टाकायच्या दिवशी सहज म्हणून बटण दाबून पाहिलं होतं. ढिम्म. त्याच्या माणसाशिवाय तो हलत नाही. आणि त्याच्या माणसाची बदली झालीये. वाहनतळावर."

वाहनतळावर काका एका पत्र्याच्या खोपट्यात बसून सायकलींना बिल्ले देत होते. आत्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"रांगेत या," काका वर न बघता म्हणाले.

आम्ही रांगेत गेलो. पुढे सहा जण होते. आमचा नंबर लागला तेव्हा काकांनी बिल्ला पुढे केला. "सायकल?"

"सायकल नाही," आत्या म्हणाली. "मी..."

"ओळखतो मी. तुमचे सगळे अर्ज मला वाचायला द्यायचे. अक्षर सुंदर आहे तुमचं."

तिने जे काही झालं होतं ते सगळं भडाभडा सांगून टाकलं. मागे रांग वाढत होती. काका ऐकत होते. संपल्यावर त्यांनी बिल्ल्यांचा डबा बंद केला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"तुम्ही त्याच्यावर गाता ते. तुम्ही हात वर केलात की तो जरा सावध व्हायचा. मला भिंतीपलीकडून कळायचं, आता सुरू करणार."

"मग सांगितलं का नाहीत?"

"दर मंगळवारी सांगत होतो की. पंप हवा धरतो म्हणून. हवा धरतो म्हणजे उतरून तुमच्या सुरात येतो. गाण्यावर जीव टाकायचा तो, आणि पाणी तिसऱ्या मजल्याला पोचायचं नाही. शिव्या मला."

मागचा एक सायकलवाला म्हणाला, "अहो, तास सुरू होतोय!" काकांनी त्याला बिल्ला दिला आणि आत्याला म्हणाले, "येतो मी. पण एक अट आहे. त्याची माफी मागा. लेखी. नुसतं तोंडी त्याला कळायचं नाही, ऐकायला जरा कमी आहे."

दुसऱ्या दिवशी कर्मशाळेमागे, मोडक्या बाकांच्या आणि गंजक्या कपाटांच्या मध्ये उभं राहून आत्याने अर्ज वाचला : 'सदर पंपाबद्दल मी आजवर जे लिहिले ते सर्व मागे घेत आहे. त्याने माझ्या गायकांना आधार दिला आणि मी त्याला घरघर म्हणाले. तरी क्षमा असावी.' मला हसू येईल अशी भीती होती, पण आलं नाही. काकांनी कागदाची घडी घालून पंपाच्या झाकणाखाली सरकवली, दोन थेंब तेल सोडलं, पंखा हाताने एकदा फिरवला आणि बटण दाबलं.

घूंऽऽ.

भूकंप माझ्या शेजारीच उभे होते. त्यांच्या तोंडून आपोआप खालचा सूर निघाला. मग माझ्याही.

खरी अडचण पुढेच होती. स्पर्धेत वाद्य चालणार नव्हतं आणि विद्यापीठाचा सभासद नसलेल्या कोणालाही मंचावर पाऊल ठेवता येणार नव्हतं. आत्या पुन्हा कुलसचिवांकडे गेली. त्यांनी स्पर्धेची पुस्तिका दोन दिवस घरी नेऊन वाचली.

"पंप वाद्य नाही," ते म्हणाले. "आपल्या नोंदीत तो पाणीपुरवठा खाली आहे. त्यामुळे तो प्रश्न मिटला. राहिला सभासदत्वाचा. काका कर्मचारी आहेत. पंप निवृत्त. म्हणजे पंपाने कुठेतरी प्रवेश घ्यायला हवा."

"प्रवेश?"

"जलव्यवस्थापनाचा एक अर्धवेळ प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. सहा महिन्यांचा. वयाची अट नाही. लेखी परीक्षा नाही, फक्त हजेरी आणि प्रात्यक्षिक."

"चालेल का पण?"

"अर्जात उमेदवार माणूस असावा असं कुठेही लिहिलेलं नाही," कुलसचिव म्हणाले. "मी तीनदा तपासलं."

अर्ज काकांनी भरला. पालकाच्या जागी स्वतःचं नाव घातलं. 'पूर्वानुभव' इथे सत्तावीस वर्षं लिहिलं. फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत असं होतं, तर त्यांनी पाणी आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं अशी दोन्ही तोंडं दिसतील असा फोटो काढून आणला. सहीच्या चौकोनात पंपाच्या कडेचा तेलाचा शिक्का उमटवला. आठवड्याने ओळखपत्र आलं. गळ्यात अडकवायची निळी दोरीही आली, ती काकांनी झाकणाच्या बोल्टला बांधली.

तळघरात पुन्हा तालमी सुरू झाल्या. पंप आता भिंतीच्या अलीकडे, भूकंपांच्या बाजूला, आणि दोन्हीकडे पाण्याची दोन पिंपं, कारण कोरडा चालवला तर तो जळेल. या पिंपातून त्या पिंपात पाणी फिरत राहायचं. गाणं खांबासारखं उभं राहिलं. मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं.

स्पर्धेत तीन गाणी होती. दोन आमची, ती पंपाच्याच पट्टीतली. पण तिसरं आयोजकांनी नेमून दिलेलं होतं आणि ते थोडं वरच्या पट्टीत होतं. आत्याने कपाळाला हात लावला.

"त्यात काय," काका म्हणाले. "हा व्हॉल्व्ह दाबला की पाणी अडतं. पाणी अडलं की हा चढतो. किती चढवू ते तुम्ही सांगा."

आत्याने बोटाने दाखवायचं, काकांनी व्हॉल्व्ह फिरवायचा, असं ठरलं. आठ दिवस त्यांनी तेवढाच सराव केला. एकोणीस वर्षं न बोललेली दोघं आता बोलायला थांबेनात. "जरा मऊ घ्या." "मऊच आहे, मॅडम, तुमच्या मुली घाई करतात." मुलींना राग यायचा, पण काकांचं बरोबर असायचं.

स्पर्धेला बसने गेलो. पंपाला खिडकीची जागा दिली होती. काका त्याच्या शेजारी भूकंपांचा काळा कोट घालून बसले होते. कोट त्यांना गुडघ्यापर्यंत येत होता.

मंचावर आम्ही उभे राहिलो आणि परीक्षकांच्या टेबलाशी कुजबुज सुरू झाली. तीन परीक्षक होते. मधले अध्यक्ष, पांढऱ्या जाड भुवयांचे, उठून पुढे आले.

"हे काय आहे?"

"गायक," कुलसचिव म्हणाले. ते मुद्दाम फाइल घेऊन आले होते.

"हा पंप आहे."

"पंप ही त्याची पूर्वीची नोकरी. सध्या तो विद्यार्थी आहे." त्यांनी ओळखपत्र, प्रवेशपत्र आणि हजेरीचा तक्ता पुढे केला.

अध्यक्षांनी फोटो पाहिला, पंप पाहिला, पुन्हा फोटो पाहिला. "फोटो त्याचाच आहे," ते बाकीच्या दोघांना म्हणाले. मग जरा विचार करून, "प्रत्येक गायकाची आवाजाची चाचणी घ्यायचा आम्हाला अधिकार आहे."

काकांनी बटण दाबलं. घूंऽऽ. अध्यक्ष मान तिरकी करून ऐकत राहिले. त्यांच्या भुवया हळूहळू खाली आल्या.

"श्वास कुठे घेतो हा?"

"घेत नाही," काका म्हणाले.

"कमाल आहे," अध्यक्ष म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

पहिली दोन गाणी आम्ही आयुष्यात गायलो नसू अशी गायलो. ते मोठं, अनोळखी सभागृह एका खालच्या सुराने भरून गेलं आणि आम्ही त्याच्यावर निर्धास्त चाललो. तिसऱ्या गाण्याला आत्याने बोट वर केलं, काकांनी व्हॉल्व्ह दाबला, सूर नेमक्या जागी चढला. सुरू झालो.

आणि काकांनी डोळे मिटले.

इतकी वर्षं त्यांनी आमचं गाणं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. आता ते त्याच्या मधोमध उभे होते. त्यांचा हात व्हॉल्व्हवर होता आणि गाणं जसजसं रंगात येत होतं तसतसा तो हात आपोआप फिरत होता. पंप चढला. पंप चढला म्हणून आम्ही चढलो. आत्या बोटाने खाली, खाली असं दाखवत होती, पण काकांचे डोळे मिटलेले. दुसऱ्या कडव्याला मी माझ्या आवाजाच्या टोकाला आले. तिसऱ्या कडव्याला वरच्या मुली चवड्यांवर उभ्या होत्या, त्यांच्या मानेच्या शिरा मला मागून दिसत होत्या. भूकंप, ज्यांना आम्ही नेहमी तळाशीच ऐकलं होतं, ते आता साध्या माणसाच्या आवाजात गात होते आणि त्यांना स्वतःलाच त्याचं नवल वाटत होतं. थांबायचं कोणाच्या मनातही आलं नाही. आत्यानेही शेवटी खाली दाखवणं सोडून दिलं आणि दोन्ही हात वर केले.

शेवटचा सूर लागला त्याच क्षणी नळाचा सांधा सुटला. पाण्याची एक जाड धार मंचावरून कमानीसारखी गेली आणि बरोबर परीक्षकांच्या टेबलावर पडली.

काकांनी डोळे उघडले आणि बटण बंद केलं. मग सभागृह उभं राहिलं. पुढच्या रांगेतली एक बाई ओली चिंब होऊन टाळ्या वाजवत होती.

निकालाच्या वेळी अध्यक्षांच्या खांद्यावर टॉवेल होता. "या वृंदाने नेमून दिलेलं गाणं भलत्याच पट्टीत संपवलं," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे हा मोठा दोष आहे. पण हे सतराही जण एकाच वेळी, एकाच मापाने, एकाच दिशेने चुकले. इतकी एकजूट मी आजवर ऐकली नाही." त्यांनी आम्हाला चौथा क्रमांक दिला. उत्कृष्ट आवाजाचं वैयक्तिक पारितोषिक पंपाला मिळालं. ते काकांनी स्वीकारलं. वरच्या आवाजाच्या मुली रुसल्या, पण आत्या इतक्या जोरात टाळ्या वाजवत होती, की त्यांनाही वाजवाव्या लागल्या.

सहा महिन्यांनी पंप प्रमाणपत्र परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाला. त्याची हजेरी शंभर टक्के होती, ती बाकी कोणाचीच नव्हती. आणि त्याच आठवड्यात, स्पर्धा भरवणाऱ्या विद्यापीठाचं पत्र आलं. पुढच्या अभ्यासक्रमाला थेट प्रवेश, राहण्याची सोय आणि त्यांच्या वृंदात जागा. खाली पालकाची सही हवी होती.

काकांनी दोन दिवस विचार केला आणि सही केली.

आत्या वाहनतळावर गेली, या वेळी रांगेत न थांबता. "हे काय केलंत तुम्ही? माझ्या सोळा जणांचा आधार परस्पर देऊन टाकलात?"

"मॅडम," काका म्हणाले, "सत्तावीस वर्षं त्याने तळघरात काढली. तिथे त्याला खिडकी देतायत. मी बघून आलो. समोर झाड आहे."

"आणि तुम्ही? तुम्ही जाणार त्याच्याबरोबर?"

"मी जाऊन काय करू? पोरं मोठी झाली की आपण त्यांच्या खोलीत झोपायला जातो का? त्यांच्या माणसाला मी चालू कसा करायचा ते शिकवलंय. तिसऱ्या दिवशी जमलं त्याला."

आत्या खोपट्याला टेकून उभी राहिली. मग तिने विचारलं, "तुम्ही गाता का हो?"

"छे. मला ऐकता येतं तेवढं."

"मग तेच करायला या."

कुलसचिवांनी त्यासाठी पद तयार केलं : 'श्रोता (अर्धवेळ)'. काका संध्याकाळी बिल्ल्यांचा डबा कुलपात ठेवून तळघरात येतात आणि आमच्या समोर खुर्ची टाकून बसतात. कोणी घसरलं की बोट वर करतात. पहिले दोन महिने त्यांचं बोट खाली आलंच नाही. आत्या चिडायची, मुली रडायच्या, भूकंप म्हणायचे की आपण बुद्धिबळाचा संघ काढू. पण हळूहळू आम्ही शेजारच्याचं ऐकायला शिकलो. इतकी वर्षं ते कधी केलंच नव्हतं, गरजच पडली नव्हती. मला तर तेव्हा कळलं की माझ्या डाव्या बाजूची बाई गाताना किंचित नाकात गाते आणि ते ऐकायला फार गोड लागतं.

मागच्या महिन्यात, पंप गेल्यापासून पहिल्यांदाच, आम्ही बाहेर गायलो. दंतवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात, रुग्ण बसतात त्या लांबलचक खोलीत. पांढरी फरशी, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि सुजलेल्या गालांची चाळीसेक माणसं. दुसऱ्या गाण्यात आम्ही घसरलो. वरच्या मुली निघाल्या होत्या, बाकीचे त्यांच्यामागे धावायला लागले होते. तेवढ्यात काका खुर्चीतून उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "थांबा. मागच्या ओळीपासून."

आत्या लाल झाली. पण तिने हात खाली घेतला, पुन्हा उचलला, आणि आम्ही मागच्या ओळीपासून म्हणालो. या वेळी बरं झालं. अगदी खांब नव्हे, पण उभं राहिलं.

आतून नर्सने हाक मारली, "चौतीस नंबर!"

पहिल्या रांगेतला एक म्हातारा दचकला. त्याचा अर्धा जबडा भूल देऊन बधिर केलेला होता. त्याने हातानेच तिला थांबायची खूण केली आणि वाकड्या तोंडाने, एकेक अक्षर जुळवत म्हणाला, "शंपू दे गं. चांगलं चाल्लंय."